डी-थ्रीची पुडी आणि घरातल्या मोठ्यांचे गुडघे: पहिल्यांदा सुरू करणाऱ्यांसाठी

"ताई, ती गुडघ्याची पुडी द्या ना." नाशिकला सिडकोतल्या ज्या मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट म्हणून उभी असते, तिथे हे वाक्य आठवड्यातून चार-पाचदा तरी कानावर येतं. पुडी म्हणजे व्हिटॅमिन डी-३ची, ६०,००० युनिटची. मागायला येतात त्या बहुतेक साठी-सत्तरीच्या काकू, नाहीतर त्यांच्या सुना. एखादीच्या हातात दोन वर्षांपूर्वीची, घड्यांवर फाटलेली चिठ्ठी असते. बाकीच्यांना शेजारणीने, विहिणीने किंवा भजनी मंडळातल्या कोणीतरी सांगितलेलं असतं, "मला फार गुण आला, तूही घे."

मी विचारते, "काकू, रक्त तपासलं होतं का? किती आलं होतं?" बहुतेकींना आठवत नाही. काही जणी नाराजही होतात, एवढ्याशा पुडीसाठी किती चौकशा म्हणून. मागे रांग असते, सगळं समजावून सांगायला वेळ मिळत नाही. ते सगळं इथे सांगते. तुमच्या घरी आई, वडील, सासूबाई, कोणाचेही गुडघे दुखत असतील आणि व्हिटॅमिन डी सुरू करायचं मनात असेल, तर पुढच्या क्रमाने जा. मी डॉक्टर नाही. डोस ठरवायचं काम तुमच्या डॉक्टरांचं. पण डॉक्टरांकडे काय विचारायचं, चिठ्ठी कशी वाचायची आणि घरी आल्यावर चूक कुठे होते, हे मी रोज बघते.

आधी दुखणं कुठलं ते बघा

घरातल्या माणसाला सांगा, "बोट ठेवून दाखव कुठे दुखतं ते." गुडघ्याची झीज असेल तर बोट गुडघ्यावरच जातं. जिना उतरताना कळ येते, मांडी घालून बसलं की उठवत नाही, सकाळी उठल्यावर गुडघा थोडा वेळ आखडलेला असतो आणि चार पावलं टाकली की मोकळा होतो, वाकवताना कटकट वाजतो. आपल्याकडे याला "वंगण संपलं" म्हणतात. खरं तर हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजलेली असते, आणि तिच्याबरोबर सांध्याचं अस्तर, खालचं हाड, भोवतीचे स्नायू सगळ्यांवरच परिणाम झालेला असतो.

काही जण मात्र बोट न ठेवता पूर्ण पंजा फिरवतात. मांड्या, कंबर, नितंब, कधी बरगड्या. "सगळं अंग ठणकतं, हाडं दुखतात." खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो, चाल डुलती होते. असं असेल तर हाडं मऊ पडण्याच्या आजाराची शंका घ्यायला हवी, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे व्हिटॅमिन डीची तीव्र कमतरता. या दुखण्यावर डी-३ खरोखर गुणकारी आहे. काही महिन्यांत माणूस हाताचा आधार न घेता उठू लागतो. म्हातारपणी दोन्ही दुखणी एकत्र असणं अगदी शक्य आहे. माझा अंदाज असा, की "पुडीने गुडघे बरे झाले" असं जे सांगतात, त्यांच्यातल्या काहींना हे दुसरं दुखणं होतं आणि ते बरं झालं.

गुडघा लाल होऊन तापला असेल, अंगात ताप असेल, पडल्यानंतर पाय टेकवत नसेल, पोटरी एकाएकी सुजली असेल, तर पुढचं वाचत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुडीकडून काय मिळेल, काय मिळणार नाही

हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण गैरसमज इथेच आहे.

व्हिटॅमिन डी हाडांना लागतं, म्हणजे झिजलेल्या गुडघ्यालाही उपयोगी पडेल, ही कल्पना डॉक्टरांनाही पटण्यासारखीच होती. म्हणून त्यांनी ती तपासून पाहिली. बोस्टनला १४६ जणांवर दोन वर्षं अभ्यास झाला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना रोज व्हिटॅमिन डी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. दोन वर्षांनी दुखण्यातही फरक नव्हता आणि कूर्चेच्या झिजेतही नव्हता. मग ऑस्ट्रेलियात ४१३ जण घेतले. हे सगळे गुडघेदुखीचे, आणि सगळ्यांच्या रक्तात डी कमी. त्यांना दर महिन्याला ५०,००० युनिट, दोन वर्षं. २०१६ साली निकाल आला, तोही तसाच. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ४७४ जणांचा तीन वर्षांचा अभ्यास आला, रोज ८०० युनिटचा. एक्स-रेमध्ये सांध्यातली फट अरुंद होत जाते, ती काही थांबली नाही. पुढे २०२० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातल्या गुडघेदुखीच्या सुमारे १,४०० लोकांचा हिशोब निघाला. पाच वर्षांहून अधिक काळ रोज २,००० युनिट घेऊनही त्यांचं दुखणं बिनऔषधाच्या गोळीवाल्यांपेक्षा कमी झालेलं नव्हतं.

वेगळा निकाल आला तो आपल्याच देशातून, लखनौहून. तिथे २०१३ साली शंभराहून थोड्या अधिक रुग्णांना पहिले दहा दिवस रोज ६०,००० आणि मग वर्षभर महिन्याला एकदा ६०,००० युनिट दिले. सगळ्यांच्या रक्तात डी कमी होतं. औषध घेणाऱ्यांचं दुखणं थोडं कमी झालं. 'थोडं' हा शब्द महत्त्वाचा. अभ्यास लहान आहे, पण रुग्ण आपल्यासारखे आहेत, म्हणून मी तो बाजूला टाकत नाही.

या सगळ्यातून मी माझ्या ग्राहकांना सांगते ते असं: रक्तात डी खरोखर कमी असेल तर ते भरून काढा, कारण हाडांना आणि स्नायूंना त्याची गरज आहे. भरून काढल्यावर दुखण्यात थोडा उतार पडला तर आनंदच. पण झिजलेली कूर्चा या पुडीने परत येत नाही, आणि डी पुरेसं असलेल्या माणसाने ती घेतल्याने गुडघ्याला काहीही होत नाही. गुडघ्याचं काम वेगळं आहे. ते पुढे येतंच.

रक्ताची तपासणी

तपासणीचं नाव आहे २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. लॅबमध्ये हेच नाव सांगा. "१,२५ डायहायड्रॉक्सी" अशी वेगळी तपासणीही असते, ती या कामाची नाही. उपाशीपोटी जायची गरज नाही. तपासणी तशी महागच आहे, म्हणून सरसकट प्रत्येकाने करावी असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ साली निरोगी माणसांना तर ती नेमाने करू नका असंच सुचवलंय. पण अंग ठणकणारे, घराबाहेर न पडणारे, हाड मोडलेले, पोटाचे किंवा मूत्रपिंडाचे आजार असलेले, फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे, अशांच्या बाबतीत डॉक्टर ती करायला सांगतात आणि ते योग्यच आहे. मोठ्या डोसची पुडी सुरू करण्याआधी तर मी नक्की करायला सांगेन. त्याच सुईत कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) बघून घ्यायचं का, हेही डॉक्टरांना विचारा.

रिपोर्ट हातात आला की आधी एकक बघा. आपल्या लॅब बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आकडा देतात. काही ठिकाणी नॅनोमोल प्रति लिटर असतं, त्याला अडीचने भागायचं. एकदा एक मुलगा आईचा रिपोर्ट घेऊन आला, खूश होता, "५० आलंय, भरपूर आहे." एकक नॅनोमोल होतं, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत २०.

१२ च्या खाली म्हणजे तीव्र कमतरता. १२ ते २० म्हणजे कमी. २० च्या वर बहुतेकांच्या हाडांना पुरतं. पुष्कळ रिपोर्टवर २० ते ३० च्या मध्ये "अपुरं" असं छापलेलं असतं आणि लोक घाबरतात. याबाबत तज्ज्ञांमध्येच मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर २४ किंवा २६ आकडा बघून ६०,०००च्या पुड्यांचा कोर्स सुरू करण्याची घाई नको.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी या गोष्टी सांगा

मुतखडा कधी झाला होता का. मूत्रपिंडाचा त्रास. क्षयरोग किंवा सारकॉइडोसिस (फुप्फुसांत आणि इतरत्र दाहाच्या बारीक गाठी होणारा आजार), कारण या आजारांत शरीर स्वतःच डीचं जास्त सक्रिय रूप बनवू शकतं आणि कॅल्शियम वाढतं. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा दोष. हृदयासाठी डिगॉक्सिन. फिटसाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन, ज्यांनी डी लवकर संपतं. टीबीसाठी रिफॅम्पिसिन, त्यानेही तेच. स्टिरॉइड.

आणि ब्लडप्रेशरची गोळी. ही गोष्ट सगळ्यांत जास्त विसरली जाते. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोर्थालिडोन हे लघवीवाटे पाणी काढणारं औषध पुष्कळ बीपीच्या गोळ्यांत मिसळलेलं असतं. गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर बहुधा तेच. ही औषधं लघवीतून कॅल्शियम कमी जाऊ देतात, त्यात डीचा मोठा डोस आणि कॅल्शियमची गोळी आली की रक्तात कॅल्शियम साचू शकतं. नावं पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घाला आणि पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.

मेडिकलमध्ये आल्यावर

पाकिटावर कोलेकॅल्सिफेरॉल हा शब्द शोधा. तेच डी-३. कॅल्सिट्रायॉल किंवा अल्फाकॅल्सिडॉल लिहिलेलं असेल तर ते डीचं आधीच सक्रिय झालेलं किंवा जवळजवळ सक्रिय रूप आहे, मुख्यतः मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी. त्याचा डोस ०.२५ मायक्रोग्रॅम इतका बारीक असतो. कॅल्शियमच्या अनेक गोळ्यांत कॅल्सिट्रायॉल घातलेलं असतं आणि बॉक्स दिसायला तसाच. एकाऐवजी दुसरं घेऊ नका, "तेच आहे" असं कोणी सांगितलं तरी.

मग आकडा बघा. ६०,००० ही आठवड्याची पुडी. १,००० किंवा २,००० ही रोजची गोळी. काही पाकिटांवर मायक्रोग्रॅम असतं. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट.

पुडी, कॅप्सूल, जिभेवर चघळायची गोळी आणि छोट्या बाटलीतलं 'शॉट', यांत औषध एकच. मऊ कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासूनचं असतं. ज्या घरांत हे चालत नाही त्यांनी तसं मोकळेपणाने सांगावं, पुडी किंवा साधी गोळी मिळते. स्वतः डी-३ देखील सहसा मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून काढलेलं असतं. तेही नको असेल तर बुरशीपासून बनवलेलं डी-२ किंवा दगडफुलाच्या जातीपासून केलेलं डी-३ असतं, ते मागवून घ्यावं लागतं. पुडीत गोडसर दाणे असतात म्हणून मधुमेहाचे लोक बिचकतात. आठवड्याला एक ग्रॅमच्या पुडीने साखरेवर फरक पडत नाही. जनऔषधी केंद्रातलं स्वस्त औषधही चालतं, फक्त घटक आणि आकडा जुळला पाहिजे.

एक बेरीज घरी बसून करा. कॅल्शियमच्या गोळीत डी-३ असतं, मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं, प्रोटीन पावडरमध्ये असतं, वर पुडी. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० साली ७० वर्षांपर्यंतच्या मोठ्या माणसांना रोज ६०० युनिट आणि त्यापुढच्यांना ८०० युनिट पुरेत असं ठरवलं, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज ४,०००च्या वर जाऊ नये असंही. चार डब्यांतली बेरीज कधीकधी नुसती पाहूनच कळते की पुडीची गरज नव्हती.

घ्यायची कशी

कमतरता भरून काढायला आपल्याकडे डॉक्टर बहुधा आठवड्यातून एक ६०,०००ची पुडी, सहा ते आठ आठवडे, असं लिहितात. मग थांबायचं आणि त्यानंतर रोजचा छोटा डोस. तुमच्या चिठ्ठीत वेगळं असेल तर तुमची चिठ्ठी खरी.

आठवड्यातून एक. हे दोन शब्द मी पाकिटावर पेनने लिहून देते. त्यामागे एक आठवण आहे. एक काका होते, एकटे राहायचे, कोणी तरी लिहून दिलेली पुडी त्यांनी अडीच महिने रोज घेतली. "दुधात टाकून रोज रात्री," असं त्यांना वाटलं होतं, चिठ्ठीवरचं अक्षर लागत नव्हतं. भूक गेली, सारखी मळमळ, कोठा जड, तहान आणि लघवी सारखी, शेवटी बोलण्यात गोंधळ. घरचे समजले, वय झालं. रक्तात कॅल्शियम फार वाढलेलं निघालं आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. डी चरबीत साठतं, त्यामुळे औषध बंद केल्यावरही ते उतरायला कितीतरी आठवडे गेले. तुमच्या घरी चुकून दोन-तीन दिवस रोज गेली असेल तर घाबरू नका, थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. पण वरची लक्षणं दिसली तर लगेच कॅल्शियम तपासून घ्या.

वार ठरवताना उपासाचा वार टाळा. डी तेला-तुपाबरोबर नीट शोषलं जातं, म्हणून भरल्या जेवणानंतर घ्यायचं. सोमवार, गुरुवार, शनिवार, ज्यांचा जो असेल तो सोडून द्या. मी बुधवार सुचवते. गोदाघाटावर बाजार भरतो तो दिवस कोणी विसरत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ बुधवारांना गोल करा, पुडी घेतली की गोलावर काट मारा. एखादा बुधवार चुकला तर आठवल्या दिवशी घ्या. दोन एकदम घेऊ नका. पुडी अर्धा कप दुधात किंवा पाण्यात ढवळायची आणि तळाशी बसलेलं पुन्हा थोडं पाणी घालून प्यायचं.

आठ पुड्या संपल्या की खरा प्रश्न येतो, पुढे काय. पुष्कळ लोक "महिन्याला एक चालू ठेवा" असं ऐकून वर्षानुवर्षं घेत राहतात. इथे मला दोन अभ्यास सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस दिला गेला किंवा बिनऔषधाची गोळी. २०१० साली निकाल आला: डोस घेतलेल्या बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडं जास्त मोडली. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला, आधी एकदा पडलेल्या २०० वृद्धांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. महिन्याला २४,००० युनिट घेणाऱ्यांत वर्षभरात पडणारे सुमारे ४८ टक्के, आणि महिन्याला ६०,००० घेणाऱ्यांत सुमारे ६७ टक्के. ज्यांचे गुडघे आधीच लटपटतात त्यांच्यासाठी पडणं हेच सगळ्यांत मोठं संकट. म्हणून पन्नाशीपुढच्यांना मोठे, अधूनमधूनचे डोस देण्यापेक्षा रोजचा छोटा डोस बरा, असं २०२४च्या त्या शिफारशीतही आहे. कमतरता भरायला काही आठवडे पुडी ठीक, पण कायम चालवायची असेल तर डॉक्टरांना "रोजची छोटी गोळी चालेल का?" असं आवर्जून विचारा. आणि ३ लाख, ६ लाख युनिटचं इंजेक्शन "एकदाच टोचून टाका" म्हणून कोणी सुचवलं, तर माझ्या आईला मी ते घेऊ देणार नाही. गिळता येतं आणि पचतं, तर तोंडाने घेतलेलंच बरं.

कोवळं ऊन

"पुडी कशाला, सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवा." हे प्रेमाने सांगितलं जातं, पण सात वाजताच्या उन्हात त्वचेत डी जवळजवळ बनत नाही. सूर्य खाली असतो आणि हवा ओलांडून येताना ते विशिष्ट किरण अडतात. खूण सोपी आहे: अंगणात उभं राहा, सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान असेल तर ऊन कामाचं. नाशिक २० अंश उत्तरेला. मार्चमध्ये सकाळी दहाच्या सुमारास सावली उंचीएवढी होते आणि मग लहान होत जाते. डिसेंबरात भर दुपारी साडेबारालाही ती जेमतेम उंचीएवढीच असते, मात्र तेव्हा आपल्याकडे थंडी असल्याने गच्चीवर बसायला बरंही वाटतं. एप्रिल-मेमध्ये दहा-सव्वादहाच्या पुढे म्हाताऱ्या माणसाला उन्हात बसवू नका. हात आणि पाय उघडे, वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, त्यामुळे सरकत्या काचा लावलेल्या गॅलरीत बसून काही मिळत नाही. जून ते सप्टेंबर ढगच असतात.

सत्तरीची त्वचा तरुण त्वचेच्या निम्म्याहूनही कमी डी बनवते. त्यामुळे आकडा ८ किंवा १० आला असेल तर नुसत्या उन्हाच्या भरवशावर राहू नका. जेवणातूनही फारसं मिळत नाही. अंड्याच्या बलकात थोडं, मासे खाणाऱ्यांना जास्त, आणि प्लस एफ असं चिन्ह असलेल्या दुधात-तेलात वरून घातलेलं. कॅल्शियमसाठी मात्र आपल्याकडे सोन्यासारखी नागली आहे. पेठ-सुरगाण्याकडची नागलीची भाकरी, दही, तीळ, हे असेल तर कॅल्शियमच्या गोळीची गरज पुष्कळदा उरतही नाही.

आता गुडघ्याचं काम

पुडी आठवड्यातून एका मिनिटाचं काम. हे रोजचं आहे, आणि गुण यानेच येतो. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याला धरून ठेवतो. दुखतं म्हणून माणूस बसतो, बसल्याने तो स्नायू वाळतो, वाळल्याने गुडघ्यावर जास्त भार येतो. हे चक्र तोडायचं.

सुरुवात अशी. पलंगावर पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. गुंडाळी गुडघ्याने खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. आठवड्याने खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करायचा, पाच आकडे, हळू खाली. प्रत्येक पाय दहा वेळा. जमू लागलं की भिंतीला टेकवलेल्या उंच खुर्चीतून उठणं आणि हळूच बसणं, आधी हात टेकवून, मग हातांशिवाय. पाचपासून सुरू करा. टीव्हीवर मालिका लागते त्या वेळेशी बांधा, म्हणजे राहत नाही. व्यायामाने थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमलं तर चालतं. सूज आली किंवा दुखणं टिकलं तर संख्या निम्मी करा, पण बंद करू नका. सहा ते आठ आठवडे धीर धरावा लागतो. शक्य असेल तर पहिल्या दोन-तीन वेळा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

चालायला सपाट जागा निवडा. गोल्फ क्लब मैदानाचा ट्रॅक चांगला. दहा मिनिटं सलग जमत नसतील तर पाच-पाच मिनिटं, मध्ये बाकावर. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. जवळजवळ सगळे उलटी धरतात, कोणाला तरी एकदा नीट करून दाखवा आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा फरक बघा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. रामकुंडाच्या पायऱ्यांवर कठड्याचा किंवा हाताचा आधार द्या, त्या ओल्या असतात. वणीला सप्तशृंगीच्या गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे. पायऱ्या चढूनच दर्शन घ्यायचा हट्ट आजींनी सोडला तर देवी रागवायची नाही, असं मी माझ्या सासूबाईंना सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.

घरात उंची वाढवा: कमोड किंवा संडासावर ठेवायची कमोड खुर्ची, पूजेला पाटाऐवजी स्टूल, निवडायला-टिपायला टेबल. वजन जास्त असेल तर एका अभ्यासाप्रमाणे एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. दिवसात हजारभर पावलं धरली तर हिशोब तुम्हीच करा.

दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकचं जेल डॉक्टरांना विचारून दिवसातून तीन-चारदा लावता येतं. तोंडाने घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटाला, मूत्रपिंडाला आणि बीपीला त्रास देतात. काउंटरवरून "कालचीच गोळी द्या" म्हणून त्या नेऊ नका.

तीन महिन्यांनी

कोर्स सुरू केल्यापासून तीन महिने झाले की, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर, पुन्हा तीच तपासणी त्याच लॅबमध्ये करा. त्याआधी करून उपयोग नाही, रक्तातला आकडा स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. आकडा २०-३० च्या घरात किंवा वर गेला असेल तर पुड्या बंद आणि रोजची छोटी गोळी. मग दर दोन महिन्यांनी तपासत बसायची गरज नाही. आठ पुड्या नीट घेऊनही आकडा हलला नसेल तर पोटाचा, यकृताचा आजार किंवा एखादं औषध आड येतंय का, ते डॉक्टर बघतील. म्हणून काट मारलेलं ते कॅलेंडरचं पान, दोन्ही रिपोर्ट आणि स्ट्रिपांची पिशवी बरोबर न्या. आणि खुर्चीतून हाताशिवाय किती वेळा उठता येतं तो आकडाही त्याच पानावर, तारखेसह, लिहून ठेवा.